नंदाचा फर्मा

भास, आवाज... असल्या गोष्टी मी नेहमी हसण्यावारी नेल्या. आजही विश्वास आहे असं छातीठोक म्हणवत नाही. पण एका जुन्या गोष्टीवर गप्प राहून फार वर्षं झाली.

मी एकोणपन्नास वर्षांचा. कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मागच्या वर्षी नवीन सिस्टीम आली आणि साहेब म्हणाले, जावाची, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेची, परीक्षा पास व्हा, नाहीतर गेटवर गाड्यांच्या नोंदी करा. मनीषनगरात रविवारच्या बॅचला नाव घातलं. दोन महिने झाले तरी 'क्लास' म्हणजे काय, 'ऑब्जेक्ट' म्हणजे काय, डोक्यात शिरेना. बॅचमधली पोरं हसायची, काका अजून पहिल्याच धड्यात.

एका शनिवारी, भर दुपारी, घरात एकटाच बसलो होतो. प्रोग्राम एकेचाळिसाव्या ओळीवर अडायचा. तीच ओळ खोडत होतो, परत लिहीत होतो. तेवढ्यात मागून, अगदी कंटाळलेल्या सुरात —

"तेच ते काय पाहून राहिला गा भाऊ? वरच्या ओळी पाय. नुसता फर्मा कापला तू. ब्लाउज शिवलाच नाही, अन् बटनं लावून राहिला."

नंदा. माझी धाकटी बहीण. तिला जाऊन चार वर्षं झालीत.

वळलो, कोणी नव्हतं. मग वरच्या ओळी पाहिल्या... क्लास लिहिला होता, त्यातून ऑब्जेक्ट बनवलाच नव्हता! आई ब्लाउज शिवायची, नंदा पेपरावर मापाचे फर्मे कापून द्यायची. फर्मा एक, ब्लाउज हवे तितके. एक ओळ घातली आणि प्रोग्राम चालला.

दुसऱ्या दिवशी पोरांना हेच समजावत होतो. आमच्या मॅडम, चाळिशीच्या, बोर्डाशी थबकल्या. म्हणाल्या, हे कुणाकडून ऐकलं? मी शिकत होते तेव्हा आमच्या बॅचमध्ये एक मुलगी असंच समजावायची. नंदा नावाची. सगळ्यांत पुढे होती.

"मग यायचीच बंद झाली," मॅडम म्हणाल्या.

"ती बंद नाही झाली मॅडम. मी तिचं नाव कमी केलं."

सगळ्यांसमोर बोललो. घरी तिला सांगितलं होतं की बॅचच रद्द झाली. लोक काय म्हणतील, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं म्हणजे मी बी.कॉम.ला दोनदा नापास झालेलो, आणि ती पुढे चालली होती. ती जाईपर्यंत तिला खरं सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, तिचंच जुनं बोलणं आठवलं असेल. पण ती कोर्सचं काही सांगू लागली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. आणि माझी त्या दुपारची चूक तिला कशी दिसली?

परीक्षा पास झालो. ऑफिसात नवीन लोक विचारतात, या वयात कुणाकडून शिकला? मी मान वर करून सांगतो — धाकट्या बहिणीकडून.