दाराखालची वायर

आमच्या घरातली माणसं पटकन भडकतात आणि ताटावर बसेपर्यंत सगळं विसरतात. मीही त्यांच्यातलीच. माझी मावसबहीण अर्नेल टॉलिव्हर मात्र कधी भडकायची नाही. ती डूख धरायची.

डेटन शहराच्या पश्चिम भागात आम्ही दोघी एकाच गल्लीत वाढलो. ती फ्रिजच्या कारखान्यात दारांना रबर बसवायची आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायची. आमच्या चर्चमध्ये ड्रम, खंजिरी, गिटार सगळं चालतं. देवाला शांतता आवडते असं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. लोक अंगात आल्यासारखे नाचायला लागले की अर्नेलचा उजवा हात तारांवरून न थांबता खालीवर फिरत राहायचा, आणि डावा हात तारा दाबायचा कमी, सोडायचा जास्त. दाबल्या की सूर, सैल सोडल्या की नुसतं चिक्-चिक्. "सूर काय, कुणीही वाजवतं," ती म्हणायची. "मधलं गप्प बसणं वाजवता आलं पाहिजे."

मी रॉस्को ब्लेडसोच्या बँडमध्ये मागे उभी राहून गायचे. रॉस्को पुढे गायचा आणि त्याचा धाकटा भाऊ लमॉन्ट गिटार वाजवायचा. वाजवायचा म्हणजे, गिटार गळ्यात छान दिसायची त्याच्या. चौऱ्याहत्तर साली आमची पहिली रेकॉर्ड करायची ठरली. स्टुडिओ लाँड्रीच्या मागच्या खोलीत होता आणि तो चालवायचे म्हातारे मिस्टर पर्व्हिस. लमॉन्टचा ॲम्प्लिफायर मधमाश्यांचं पोळं ठेवल्यासारखा गुणगुणत होता. पर्व्हिसनी तो काढूनच टाकला आणि गिटारची वायर सरळ आपल्या रेकॉर्डिंगच्या टेबलात खुपसली. "आता मध्ये कुणी नाही बाळा. तुझा हात जे करील तेच ऐकू येईल."

जे ऐकू आलं ते ऐकून पर्व्हिसनी चष्मा काढून डोळे चोळले.

अर्नेल त्या दिवशी माझ्या सोबतीला आली होती, तळलेले मासे आणि मक्याचा पाव घेऊन. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "दे इकडे." गिटारवरचा आवाज बदलायचा खटका तिनं दोन खाचांच्या मध्येच अडकवला, त्यामुळे आवाजातला जाडेपणा गेला. पर्व्हिसनी उसळणारा आवाज दाबून धरणारी एक पेटी मध्ये लावली, तीही जेमतेम. आणि तो आवाज आला! ताजं गाजर कडकन मोडावं तसा. ना घरघर, ना शेपूट. आम्ही सगळे खुर्च्यांत बसल्या बसल्या हलायला लागलो.

रेकॉर्ड रेडिओवर गाजली. कव्हरवर गिटार घेऊन लमॉन्ट, खाली नाव लमॉन्टचं. आयत्या बिळावर नागोबा! मी रॉस्कोशी भांडले तर म्हणाला, "अगं, गिटारवर बाई आहे म्हटलं तर कोण विकत घेईल? समजून घे जरा." मी काहीही समजून घेतलं नाही.

आमच्या चर्चमध्ये देवानं आपल्याला काय दिलं ते दर रविवारी उभं राहून सगळ्यांसमोर सांगायची रीत आहे. अर्नेल उभी राहिली. म्हणाली, "रेडिओवर ती गिटार वाजते ना, ती देवानं माझ्या हातून वाजवून घेतली." मागे खसखस पिकली. पास्टरनी रॉस्कोकडे बघितलं, कारण तो तिसऱ्या बाकावर भावाशेजारीच बसला होता. रॉस्को उठला, कोट नीट केला आणि म्हणाला, "सिस्टर अर्नेलनं स्टुडिओत आम्हाला मासे खाऊ घातले, त्याबद्दल देवाचे आभार."

काय हसले लोक! मी उठून ओरडले, तर मला खाली बसवलं. म्हणे बहिणी बहिणींचीच बाजू घेणार. आणि अर्नेलची आई, आमची ओला मावशी, लाजेनं काळवंडली. तिच्या लेखी चोरी परवडली, पण चर्चमध्ये खोटं नाही. तिनं लेकीला कोपराला धरून पुढे नेलं. "माफी माग." अर्नेलनं आईच्या थरथरणाऱ्या हनुवटीकडे बघितलं. मग म्हणाली, "मी खोटं बोलले. मला क्षमा करा."

मागून रॉस्कोचा खणखणीत आवाज आला, "आ...मेन!"

घरी येताना मी शिव्या देत होते. कोपऱ्यावर आल्यावर अर्नेल एवढंच म्हणाली, "आमेन लांबवून म्हणाला ना? मी लक्षात ठेवलंय." त्या रविवारनंतर तिनं चर्चमध्ये गिटार वाजवली नाही. आई रोज विचारायची, ती रोज म्हणायची, बोटं दुखतात.

पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका कंपनीला आमची दुसरी रेकॉर्ड हवी झाली. अट एकच, गिटार तशीच हवी. कंपनीचा माणूस, मिस्टर हॅलोरन, रेकॉर्डिंगला स्वतः हजर राहणार होता. रॉस्कोची झोप उडाली. तारा बदलून झाल्या, भिंतींना गोधड्या टांगून झाल्या, ॲम्प्लिफायर न्हाणीघरात ठेवून झाला. तो आवाज काही केल्या येईना. येईल कसा? आवाज फ्रिजच्या कारखान्यात रबर बसवत होता.

शेवटी टोपी हातात घेऊन रॉस्को मावशीच्या ओसरीवर आला; मी आणि अर्नेल तिथंच बसलो होतो. मावशी बाजारात गेल्याचं बघूनच आला होता. "वायर तर सरळ टेबलाला जाते, अर्नेल. मग तू बाजूच्या सामानाच्या खोलीत बसलीस काय, नि लमॉन्टच्या जागी बसलीस काय, फरक काय पडतो?"

"काही फरक पडत नाही," अर्नेल गोड हसून म्हणाली. "फक्त मधोमध सगळे थांबा आणि गिटार एकटी वाजू दे. त्यांना तेच ऐकायचंय ना?"

रॉस्को खूश. माझ्या मात्र अंगावर काटा आला. अर्नेलला गोड हसताना मी पाहिलेलं नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही गाणाऱ्या बायका पर्व्हिसच्या टेबलामागे बसलो होतो. शेजारी हॅलोरन. काचेपलीकडे बँड. लमॉन्टच्या गिटारची वायर ड्रमच्या खोक्यामागे नुसतीच खोचलेली. अर्नेलची वायर दाराखालून सामानाच्या खोलीत गेलेली. गाणं सुरू झालं. तोच आवाज, तसाच कडक. हॅलोरन मान डोलवत म्हणाला, "काय हात आहे पोराचा!" पर्व्हिसनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मधली जागा आली. ड्रम थांबला, सगळे थांबले. आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही.

काचेपलीकडे लमॉन्ट डोळे मिटून, ओठ चावून, मान झटकत जोरजोरात हात हलवत होता. इकडे चिमणीही बोलेना. रॉस्कोनं दचकून त्याच्या पाठीत गुद्दा घातला. लमॉन्टनं डोळे उघडले, घाबरला, थांबला. त्यानं दोन्ही हात वर केले, आणि तेवढ्यात गिटार वाजायला लागली.

अर्नेल चर्चमधलं नाचायचं भजन वाजवत होती. लखलखीत, प्रत्येक चिक् वेगळा. मी इतकी हसले की माझी टोपी पडली.

हॅलोरन उठला आणि वायर धरून धरून दारापर्यंत गेला. आत साबणाच्या खोक्यावर अर्नेल बसली होती.

"पहिली रेकॉर्डही तूच?"

"ब्रदर रॉस्कोला विचारा. पण इथं नको. त्यानं रविवारी चर्चमध्ये सांगावं, माझ्या आईसमोर. मग सोमवारी येऊन मी सगळं गाणं वाजवीन."

हॅलोरन रॉस्कोकडे वळला. "मला हा आवाज हवाय. तू चर्चला जा."

रविवारी रॉस्को उभा राहिला. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता. रेकॉर्डवर अर्नेलच आहे, ती खरं बोलली होती, खोटा मी होतो, असं त्यानं सगळं सांगितलं. लमॉन्ट बुटांकडे बघत होता. कुणी हसलं नाही. ओला मावशीनं तोंडावर हात घेतला. अर्नेलनं रॉस्कोला बसू दिलं नाही. तो उभा आहे तोवरच, त्याच्याच सुरात, लांबवून म्हणाली, "आ...मेन."

सोमवारी आम्ही सगळे स्टुडिओत अर्नेलची वाट बघत बसलो. दुपारी हॅलोरननं हॅट उचलली आणि विमानतळाचा रस्ता धरला. कंपनी गेली, रॉस्कोचा बँड मोडला, आणि हो, माझंही गाणं बुडालं. मी तणतणत कारखान्याच्या फाटकावर गेले. अर्नेल बाहेर आली, हाताला रबराचा वास, तोंडानं भजन गुणगुणत.

"येईन म्हणाली होतीस ना गं! खोटं बोललीस!"

"हो," अर्नेल म्हणाली. "पण त्याची माफी मी गेल्या वर्षीच मागून ठेवलीये."