मासळीच्या काउंटरवर भावोजी

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर जेवढी म्हणून मासळी उतरते, ती सगळी केवळ आपल्याला फसवण्यासाठी समुद्राबाहेर येते, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. मी धाकटा मेव्हणा, त्यामुळे मी त्यांना भावोजी म्हणणं ओघानंच आलं. पण चौलमधल्या त्यांच्या आळीतली पोरंटोरं, दूधवाला, एसटीतले जुने ड्रायव्हर, एवढंच काय, रेवदंड्याच्या बाजारातल्या कोळणीसुद्धा त्यांना भावोजीच म्हणतात. कोळणी म्हणत तेव्हा त्यात मान कमी आणि इशारा जास्त असे. एकीनं "भावोजी आले गो!" अशी हाक दिली की बाकीच्या आपापल्या टोपल्यांवर फडकी ओढून घेत.

कारण भावोजी मासे घेत नसत, तपासत असत. पापलेट हातात धरून आधी त्याच्याकडे काही वेळ नुसतं बघायचं, मग कल्ला उचलून आत डोकवायचं, पोट दाबायचं, नाकाशी न्यायचं आणि मग कोळणीला अत्यंत संशयानं विचारायचं, "हा धरला कुठं?" ती म्हणायची, "समुद्रात. झाडावर गावतो काय?" यावर भावोजी आणखी सावध व्हायचे. इतकं चटकन उत्तर देणारी बाई काहीतरी लपवत असणार, असं त्यांचं मत. एकदा एक कोळीण कावून म्हणाली, "भावोजी, पोरीला स्थळ बघायला आलाव, का म्हावरा घेवाला?" भावोजी शांतपणे म्हणाले, "स्थळ चुकलं तर माणूस निभावून नेतो बाय. कालवण चुकलं तर काय करशील?" आणि सगळा बाजार तपासून झाल्यावर पहिल्याच टोपलीपाशी परत येऊन त्यांनी मूठभर मांदेली घेतली.

घरी दुसरी तपासणी व्हायची. ताई ताट वाढायची, भावोजी तुकडी तोंडात घालायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ घरातली सगळी माणसं हात आखडून बसायची. मग निकाल लागायचा. "मसाला बरा हाय. तुकडी जाड झाली." किंवा "तुकडी बरी हाय. कोकम जास्त झालं." दोन्ही बरं झालं असं माझ्या ऐकण्यात नाही. ताई म्हणायची, "उद्यापासून तुम्हीच साफ करा, तुम्हीच रांधा." पण भावोजी स्वयंपाकघरात फार तर पाण्याचा तांब्या घ्यायला जात. त्यांनी कधी विळीला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता, आणि ते कुणाला खटकलंही नव्हतं.

नोकरी एसटीत, कंडक्टरची. तिथंही मासळीनं पाठ सोडली नव्हती. गाडीत चढणाऱ्याच्या पिशवीत काय आहे हे तिकीट फाडण्याआधी त्यांना वासावरून समजायचं. मुरुडच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या एका गृहस्थाला त्यांनी उठवलं होतं. "पिशवीत बोंबील हायत ना? त्यांना ऊन लागतंय." त्या बिचाऱ्यानं पिशवी मांडीवरून काढून पायाशी घेतली आणि तो स्वतःही सरकू लागला, तर हे म्हणाले, "तुम्ही बसा हो उन्हात. तुमचं काय बिघडत न्हाय." आणि आवाज! त्यांचं "पुढं सरका, पुढं सरका" अलिबागच्या स्टँडवर सुरू झालं की शेजारच्या फलाटावरच्या गाडीतली माणसंसुद्धा सवयीनं पुढं सरकायची.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्हांला वाटलं, आता कोळणींचं काही खरं नाही. सुरुवातीला तसं झालंही. सकाळी चहा झाला की जे बाजारात जात, ते दुपारी उगवायचे. घरात जेवायला वाढ म्हणायचं झालं की चौकटीवर बोटानं दोनदा टकटक करायचे, डबल बेल दिल्यासारखी. पण हळूहळू सगळं उतरणीला लागलं. आधी टकटक थांबली. मग बाजार एक दिवसाआड झाला, मग आठवड्यानं, आणि दिवाळीनंतर तर त्यांनी पिशवी ताईच्याच हातात दिली. आरामखुर्ची त्यांनी अंगणाकडून भिंतीकडे वळवून घेतली होती. बोलणं हो-नाहीवर आलं. मी गेलो की "ये" म्हणायचे आणि निघालो की "बरं."

थंडीतली गोष्ट. ताईचा फोन आला.  मी घाबरून विचारलं, "भावोजी बरे आहेत ना?" ती म्हणाली, "अरे, मी आज मुद्दाम कालचा बांगडा केला. पार उतरलेला. म्हटलं, बघूया तरी." आणि रडायलाच लागली. "त्यांनी तो खाल्ला रे. सगळा खाल्ला. काय बोललेच न्हाईत."

बाहेरच्या माणसाला हसू येईल. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

माझा अलिबागला छोटा छापखाना आहे. गावाबाहेरच्या रस्त्यावर जे नवं सुपरमार्केट झालंय, त्यांचे भावाचे फलक मी छापतो. तिथला मॅनेजर पेणकडचा, किडकिडीत, गरीब स्वभावाचा मुलगा. त्याच आठवड्यात तो मला सांगत होता की मासळीच्या काउंटरवरचा माणूस सोडून गेला, आणि मासळीतलं काही कळणारा माणूस त्याला हवा आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे भावोजी आहेत." निघून गेल्यावर मीच चपापलो. पण दुसऱ्या दिवशी चौलला गेलो, ताईनं त्यांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला आणि मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आलो. 

मॅनेजर त्यांना काउंटरपाशी घेऊन गेला. काचेमागे बर्फावर मासे ओळीनं निजवलेले होते. भावोजींची मान किती महिन्यांनी वर झाली. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "ती कडेची सुरमई तुमची हाय, का कोनी परत आणून दिलीय?" मॅनेजर हसला. म्हणाला, "काका, तुम्ही उद्यापासूनच या. कापायला येतं ना?"

"त्यात काय येवाचंय!" भावोजी म्हणाले.

मी मागे उभा होतो. या माणसाला मी कधी कांदा चिरतानाही पाहिलेलं नाही, हे मला नेमकं तेव्हा आठवलं.

पहिल्या दिवशी मी दुपारी फलक द्यायच्या निमित्तानं डोकावलो. पांढरा ॲप्रन, डोक्यावर जाळीची टोपी, हातांत मोजे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शस्त्रक्रिया चालली आहे. जवळ गेल्यावर मात्र पेशंट वाचणार नाही याची खात्री पटत होती. एका बाईंनी तळण्यासाठी सुरमई मागितली होती. तिच्या तुकड्यांपैकी एक पाटीएवढी होती, दुसरी पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि उरलेल्यांना तुकडी म्हणणं धाडसाचं झालं असतं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी पिशवीत डोकावून फक्त "अरे देवा" म्हटलं. मॅनेजर संध्याकाळी भावोजींना हळूच म्हणाला, "काका, घाई नाही. पण शनिवारी मुंबईचे बंगलेवाले येतात, फार गर्दी होते. तोवर हात बसला नाही तर मी तुम्हाला भाजीकडे देतो."

परत येताना स्कूटर नागावपर्यंत आली. मग मागून खांद्यावर हात पडला. "मेव्हण्या, मला भेंडीत बसवतायत." थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून मी जात न्हाय."

घरी पोचल्यावर मीच ताईला सगळं सांगितलं. भावोजी पायही न धुता खुर्चीत जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. ताई पिशवी घेऊन निघून गेली. परत आली ती बांगडे घेऊन. मागच्या पडवीत तिनं जुनी वर्तमानपत्रं पसरली, समोरासमोर दोन विळ्या मांडल्या आणि हाक मारली, "अहो, या हिकडं. बसा."

"मी?"

"मग काय, याला शिकवू? एवढी वर्षं ताटात बघून चुका काढल्यात. तुकडी पडते कशी, ती आता बघा."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण भावोजी उठले. गुडघे धरत धरत विळीवर बसले आणि त्यांनी बांगडा असा धरला की जणू त्यालाच तिकीट विचारायचं आहे. ताई सांगत होती, "दाबू नका, दाबू नका. ओढून घ्या." पहिला बांगडा हातातून सटकून माझ्या पायाशी आला. दुसऱ्याला भावोजींनी स्वतःचा अंगठा कापून घेतला, ताईनं हळद दाबली आणि पुन्हा बसवलं. तिसऱ्याची एक तुकडी निघाली. ताईनं ती दोन बोटांत धरली, डोळे मिटले, आम्हांला ताटकळत ठेवलं आणि अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाली, "धार बरी हाय. तुकडी जाड झाली."

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग ते असे हसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. ताई पदर तोंडाला लावून हसत होती की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी पायाशी पडलेला बांगडा उचलून धुवायला घेऊन गेलो, आणि उगाचच बराच वेळ धुतला.

ते रोज कामावर गेले आणि रोज येऊन विळीवर बसले. त्या आठवड्यात त्यांच्या घरी नुसतं कालवणच झालं, कारण तळता येईल अशी तुकडी एकही पडत नव्हती.

शनिवारी मी सकाळपासूनच सुपरमार्केटमध्ये घुटमळत होतो. छापून झालेला फलक सरळ आहे की वाकडा, हे मी इतक्यांदा तपासलं की तिथल्या मुली हसायला लागल्या. अकराच्या सुमारास बंगलेवाल्यांच्या गाड्या आल्या आणि अर्ध्या चड्ड्या, गॉगल, टोप्या असा सगळा लोंढा काचेवर येऊन आदळला. "काका, माझी कोलंबी!" "एक्सक्यूज मी, मी आधी आलोय!" "हलवा है क्या?" भावोजी हातात सुरी घेऊन या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. मी मनातल्या मनात पालीच्या बल्लाळेश्वराला नारळ बोलून टाकला.

आणि भावोजींनी छाती भरून श्वास घेतला.

"पुढं सरका, पुढं सरका! दारात उभं ऱ्हावू नका! उतरनाऱ्यांना आधी उतरू द्या!"

तिथं दार नव्हतं आणि उतरणारंही कुणी नव्हतं. पण एवढी मोठमोठी माणसं निमूटपणे पुढं सरकली. म्हणजे आधी दचकली, मग एकमेकांकडे पाहून हसली आणि मग एकामागे एक उभी राहिली. भावोजींनी सुरीची मूठ स्टीलच्या ट्रेवर दोनदा आपटली, टण टण, आणि पहिल्या माणसाला विचारलं, "कुठं?" लगेच जीभ चावून म्हणाले, "म्हंजे, काय देऊ?" तुकड्या सगळ्या सारख्या पडल्या असं मी म्हणणार नाही. पण त्या तुकड्या होत्या. एक आजी म्हणाल्या, "जरा जाडसर करा हो." भावोजींचा चेहरा फुलला. "जाड? जाड तर बिनधास्त सांगा!"

भाजीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता ते तिथं चांगले रुळले आहेत. मॅनेजर अधूनमधून माझ्याकडे तक्रार करतो, पण हसत. घरी माणसं किती, मसाला ओला की सुका, रांधणार कोण, हे कळल्याशिवाय काका मासा हातात देत नाहीत. परवा नोकरीसाठी इथं एकटा राहणारा एक तरुण आला. त्यानं सांगितलं की तो पापलेटवर चीज घालून ओव्हनमध्ये ठेवणार आहे. भावोजी पांढरे पडले. बांधून झालेलं पापलेट त्यांनी परत मागून घेतलं. "हे न्हाय मिळायचं तुला. ही मांदेली ने. हिच्यावर काय करायचं ते कर, पन मला सांगू नको." मॅनेजरला मध्ये पडावं लागलं. आता तो तरुण दर रविवारी येतो आणि काय रांधणार ते सांगताना खोटं बोलतो, असं मॅनेजरचं म्हणणं. मला तर वाटतं, भावोजींनाही ते कळतं.

मागच्या आठवड्यात चौलला एका गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिका पोचवायच्या होत्या, म्हणून भर दुपारी ताईकडे गेलो. भावोजी कामावर. कडी वाजवली, हाक मारली, दार उघडेना.  बऱ्याच वेळानं ताई आली. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ, एक डोळा अजून मिटलेला.

"झोपले होते रे," ती ओशाळून म्हणाली. मग तिथंच उंबऱ्यावर बसली आणि न विचारता सांगू लागली. "थंडीत हे दुपारचे उठून चालायला लागायचे. खाडीकडं. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागच्या कुंपनाशी जायची. दिसेनासे झाले की चपला घालून मागनं जायची. लांबनं. ते धक्क्यावर बसून ऱ्हायचे आनि मी झाडाआड. त्यांना ठावं न्हाय. तुलाही सांगितलं न्हाय. काय सांगनार?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता ते गेले की दोन घास खाते आनि आडवी होते. मेली झोप पन कशी, दगडासारखी."

 पत्रिकांचा गठ्ठा माझ्या हातातच होता. ती उठत म्हणाली, "थांब, चहा ठेवते."

"नको," मी म्हटलं. "नीज तू."

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. मी दार हळूच ओढून घेतलं आणि स्कूटर चालू न करता ढकलत आळीच्या कोपऱ्यापर्यंत नेली.