होडीची फळी आणि आराबाची भट्टी

धुरावलेला मासा हातात घेतल्यावर, हा कशाच्या धुरावर तयार झाला, असं तुम्ही विकणारीला कधी विचारलंय? खरं सांगा.

आमच्या घानाच्या किनाऱ्यावर तरी कुणी विचारत नव्हतं. मासळी धुरावून विकणाऱ्या आराबानं विचारलं आणि घरच्यांनी तिला वैरीण ठरवलं.

आम्हा फांटी जमातीच्या कोळ्यांची जुनी रीत आहे. होडी म्हातारी झाली की मंगळवारी, समुद्राला विसावा म्हणून कुणी मासेमारीला जात नाही तेव्हा, ती फोडायची आणि फळ्या घरच्या सुनेच्या भट्टीला द्यायच्या. होडीच्या लाकडावरची तारली काळीकुळकुळीत, चकचकीत होते. बाजारात बायका तिच्यावर झडप घालतात. होडीनं जाता जाता दिलेली शेवटची मासळी, म्हणतात.

पण त्या फळीवर काय असतं? वर्षानुवर्षं थापलेला रंग आणि फटीफटीत भरलेलं डांबर! आरोग्य केंद्रातली नर्स आराबाला सांगून गेली होती, की असल्या धुरातलं विष माशाच्या चरबीत मुरतं आणि रोज खाणाऱ्याला पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. विस्तवावर टपकलेली चरबीसुद्धा तेच करते. म्हणून आराबानं मासळीच्या जाळीखाली पत्रा लावला, चरबी बाजूला गळू दिली. नारळाची सोडणं आणि सुकं लाकूड जाळलं. तिची तारली सोनेरी निघायची. गिऱ्हाइकं नाक मुरडायची, "ही कच्चीच दिसतेय, बाई!"

अशात सासऱ्याची म्हातारी होडी फोडली. सासू आबाकोमानं फळ्या भट्टीपाशी आणून टाकल्या.

"जाळ."

"नाही जाळणार, आई."

"या होडीनं तुला पोसलं! तुझ्या पोरांची पोटं भरली!"

"म्हणून तर जाळत नाही."

"मग नव्या होडीची मासळी तुझ्या नणंदेच्या भट्टीला. तू वाळूला धूर देऊन विक!"

ही पोकळ धमकी नव्हती. नवी होडी सासूच्याच पैशाची. तिची मासळी मिळाली नाही तर आराबाची भट्टी थंड. नवरा एबो जाळं विणत मान खाली घालून बसला. त्याच्यासारखे नवरे आमच्याकडे पैशाला पासरी.

आराबानं दोन पांढऱ्या ताटल्या घेतल्या. एकीखाली फळीचा तुकडा पेटवला, दुसरीखाली सोडणं. पहिलीवर काळा, चिकट, डांबरी वासाचा थर चढला. दुसरीवर फिकट तपकिरी. काळेपणा म्हणजे विषाचं मोजमाप नव्हे, आणि सोडणाचा धूरही अमृत नव्हे, हे तिला ठाऊक होतं. पण सासूला दिसेल असं दुसरं काय दाखवणार?

तिनं काळी ताटली पुढे केली. "चाटा, आई."

"वेड लागलंय का गं तुला?"

"तुम्ही चाटणार नाही ते लोकांच्या लेकरांना भरवू?"

शेजारणी फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "चाट गं आबाकोमा, तुझ्याच नवऱ्याची होडी!" म्हातारीनं तिला असा जाब दिला की कागदावर लिहिता येत नाही. मग सगळ्यात रुंद फळी भट्टीपासून ओढून नेली, दोन दगडांवर ठेवली आणि तिच्यावर ठाण मांडलं. "नवऱ्याच्या होडीवर मी बसेन. जाळायची नाही कुणी. माझ्या पोरीनंसुद्धा नाही!"

नव्या होडीचं पहिलं घमेलं नणंदेलाच गेलं. म्हातारीचा शब्द, तो कसा मोडेल? पण दुसरं तिनं आराबापुढे आदळलं. "घे, सोनेरी कर तुझी!"

आता आराबाची सोनेरी तारली विकायला म्हातारीच त्या फळीवर बसते. म्हणून तुम्हाला सांगतो, काळीभोर, चकचकीत मासळी दिसली की भुलू नका. विकणारीच्या डोळ्यांत बघा आणि विचारा: बाई, भट्टीत काय जाळलंस?