सिस्टरची मांजरपेटी

सिस्टर माझ्या हातचा चहासुद्धा आधी हुंगायच्या, मग प्यायच्या. नांदुऱ्यात आमची भिंतीला भिंत, बारा वर्षांचा शेजार, तरी हुंगणं काही सुटलं नाही. "विष नाही घातलं हो," असं मी एकदा चिडून म्हटलं, तर शांतपणे म्हणाल्या, "दुधाचा वास घेऊन राह्यली. कालचं हाय." कालचंच होतं! उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय कधी सुई भरली नाही, आणि निवृत्त झाल्यावर तेच डोळे आम्हा गल्लीवाल्यांवर लावले. दूधवाला, गॅसवाला, मी, कुणी सुटलं नाही.

घरात त्या आणि भुरी. आमच्याकडे मांजर नकोसं झालं की पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायची जुनी रीत आहे. माझ्या माहेरीही हे झालंय, खोटं कशाला बोलू? तसंच एक पोतं कुणीतरी दवाखान्यामागे टाकलं होतं. सिस्टरनं कात्रीनं सुतळी कापली, आत भुरी निघाली. तेव्हापासून ती मांजर सिस्टरशिवाय कुणाच्या जवळ गेली नाही. मी दारात पाऊल टाकलं की दोघी एकदम माझ्याकडे बघायच्या. आधी माझ्या हातांकडे, मग तोंडाकडे.

पुढं सिस्टरचे गुडघे गेले. मुलगा मिलिंद पुण्याला. म्हणाला, आता कायमची ये. सिस्टर म्हणाल्या, "येतो. पण भुरीसंगट." त्यानं लगेच ऑनलाइन पिशवी पाठवली, कापडी, जाळीची, दिसायला मोठी छान. सिस्टरनं तिची चेन दहा वेळा मागेपुढे केली आणि निकाल दिला, "आतून नाकानं उघडते हे." मी हसले. भुरीला आत घातलं, आणि दुसऱ्या मिनिटाला ती कपाटावर! दुसरी आली ती प्लास्टिकची, पण बुटकी. "तिले आत उभं राहून वळता नाई आलं त तिनं का पार्सलासारखं जावं?" म्हणून तीही परत.

तिसरी पेटी टणक, पोलादी जाळीच्या दाराची, वरूनही उघडणारी. "वरून उघडते हे बरं हाय. डॉक्टरले दाखवाचं असन त ओढून काढा लागत नाई," इतकं कौतुक त्यांनी माझंही कधी केलं नव्हतं. पण तेवढ्यानं भागतंय होय! भुरीच्या वजनाची ज्वारी तोलून पेटीत भरली, आणि पेटीची मूठ धरून अंगणात तीन फेऱ्या मारल्या. म्हणजे मी मारल्या. त्या खुर्चीत बसून मुठीच्या सांध्याकडे बघत होत्या. "हळू काऊन चालतं वं? घाईत माणूस असा चालते का?"

मग तीन आठवडे ती पेटी दार सताड उघडं ठेवून स्वयंपाकघरात पडून होती. आत सिस्टरचं जुनं लुगडं, त्यावर भुरीची वाटी. पहिले चार दिवस मांजर लांबूनच मान काढून बघे. "माह्यावरच गेली," असं सिस्टर अभिमानानं सांगायच्या. हळूहळू ती आत जेवायला लागली, मग आत झोपायला. मग दार मिनिटभर लावायचं, मग पाच मिनिटं. शेवटी रंगीत तालीम म्हणून आम्ही ऑटोनं वडनेर भोलजीपर्यंत जाऊन आलो. पेटीवर पातळ ओढणी, आणि भुरी उपाशीपोटी, कारण "भरल्या पोटी ओकते." ऑटोवाल्यानं साधं विचारलं, पेटीत काय आहे? "तुले काय कराचं?" म्हणाल्या. बिचारा वडनेर येईस्तोवर गप्प.

निघायच्या दोन दिवस आधी मिलिंदचा मला फोन आला. आईसोबत गाडीत मी जाणार होते, मी शिकवते त्या शाळेला सुट्टीच होती. पोरगा वाईट नाही, चाचरत बोलला. फ्लॅट लहान, बायकोला दम्याचा त्रास, मांजर जमणार नाही. "ताई, निघताना पेटीचं दार चुकून उघडं राहिलं असं करा ना. आईला मी समजावतो." मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते."

संध्याकाळी सिस्टरनं माझ्याकडे न बघता विचारलं, "मिलिंद तुले काही बोलला का?"

"छे हो! काय बोलणार?"

"बरं," म्हणाल्या, आणि समोरचा चहा हुंगला.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. सिस्टरनं पेटी माझ्या हातात दिली. "तू हो पुढं. मी गॅस पाहून येतो." मी गल्लीत एकटी. शेजारी पडकी भिंत, पलीकडे मोकळं रान. मिलिंदचा फोन डोक्यात घोळत होता. खरं तेच सांगते, माझं बोट दाराच्या कडीवर गेलं. कडीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर निळ्या पेननं लिहिलेलं, सहा चाळीस, आणि सिस्टरची सही, अर्धी पट्टीवर, अर्धी पेटीवर. वरच्या झाकणालाही तसंच. सलाइनच्या बाटलीला त्या अशीच पट्टी लावत असणार. मी बोट काढलं. गॅस बघायला एवढा वेळ लागत नाही, हे मला आजही वाटतं.

गाडीत त्यांनी पेटी सीटच्या पट्ट्यानं बांधली आणि सही एकदा तपासली. मोताळा गेलं, राजूरचा घाट चढला, बुलढाण्यात चहाला थांबलो. मी कप खाली ठेवला. सगळं सांगून टाकलं, फोन, "बघते", कडीवरचं बोटसुद्धा.

"मले मालूम होतं," सिस्टर म्हणाल्या. मग पेटीच्या जाळीतून आत बघितलं. "मांजरीचं दार चुकून उघडं राह्यते, त म्हातारीचंबी राहीन कधी." आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "फिरव बाबा गाडी. नांदुरा."

मिलिंद चिडला, रडला, मग दर महिन्याला येऊ लागला. सिस्टर आणखी दीड वर्ष नांदुऱ्यातच राहिल्या. माझ्याशी बोलणं तोडलं नाही, माझ्या घरचा डबाही घ्यायच्या. मग छातीचं दुखणं निघालं, पुण्याला नेणं भागच पडलं. मी म्हटलं, "सिस्टर, भुरीला मी सांभाळते. देवाशप्पथ." त्यांनी माझा हात हातात घेतला. "तू चांगली हायेस वं पोरी. पण तुले कोणाले नाई म्हणता येत नाई." मला राग यायला हवा होता. मला रडूच आलं, कारण ते खरं होतं.

त्यांनी वडनेरच्या चंद्राबाईला फोन लावला. दवाखान्यातली जुनी आया. ती पलीकडून ओरडली, ते मलाही ऐकू आलं, "मले मांजर आवडत नाई, सिस्टर! पण ठेवीन." सिस्टर पहिल्यांदा निवांत उशीला टेकल्या. पेटी ऑटोत मीच नेऊन ठेवली.

सिस्टर पुण्याहून परत आल्या नाहीत. भुरी वडनेरलाच आहे. चंद्राबाईंना ती आजही आवडत नाही, तसं तिच्या तोंडावर सांगतात, आणि मासळीचा पहिला तुकडा तिला घालतात. मी महिन्यातून एकदा जाते. या बसा म्हणतात, चहा देतात, ख्यालीखुशाली विचारतात. भुरीला मात्र हात लावू देत नाहीत. सिस्टर तसं बजावून गेल्यात म्हणे.