दोनशे एक्कावन्न ओळी

ताई जिना चढताना पायऱ्या मोजायच्या. रोज. पायऱ्या अठ्ठावीस होत्या आणि त्यांत कधी भर पडल्याचं ऐकिवात नाही. डब्याचं झाकण त्या नेहमी उलटं ठेवायच्या, टेबलाला तेल लागू नये म्हणून. फोनवर त्या "हॅलो" म्हणायच्या नाहीत, "बोला" म्हणायच्या. चष्मा कपाळावर असताना चष्मा शोधायच्या आणि सापडला की हळूच इकडंतिकडं बघायच्या, कुणी पाहिलं तर नाही ना. कुणी म्हणालं, "खूप लोक आले होते," तर विचारायच्या, "खूप म्हणजे किती?" आणि कॉम्प्युटरला एखादा प्रश्न टाकण्याआधी, उत्तर काय यायला हवं ते पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या.

ऑफिसात पाठीमागे त्यांना मोजणीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "समोर म्हणा की," एकदा त्या म्हणाल्या, "किती जण म्हणतात ते तरी कळेल."

मी तिथे लागलो तेव्हा साहित्यात एम. ए. होऊन तीन महिने झाले होते. लसींबद्दल पालकांसाठी माहितीपत्रकं लिहायची, एवढंच माझं काम. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून माझं टेबल त्यांच्या शेजारी लागलं. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणालो.

"काकू नको. मला सहा पुतणे आहेत. त्या शब्दात आता जीव उरलेला नाही. ताई म्हण."

मला त्या कवी म्हणायला लागल्या. मी आयुष्यात एकही कविता लिहिलेली नाही, असं सांगून पाहिलं.

"साहित्य शिकलास ना? मग कवीच. लिहिल्या नाहीस हे आमचं नशीब."

आमचं ऑफिस लसी साठवायचं आणि शहाण्णव केंद्रांना पाठवायचं. प्रत्येक केंद्रात एक फ्रीज. लस दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिली पाहिजे. ती तापली तर दिसायला तशीच दिसते, टोचतानाही तेवढीच दुखते, फक्त उपयोग होईलच याचा भरवसा राहत नाही. म्हणून प्रत्येक फ्रीजमध्ये तळहाताएवढं एक यंत्र असतं. ते दर दहा मिनिटांनी तापमान टिपतं आणि तासातासाला त्याची एक फाइल क्लाउडमध्ये पाठवतं. तासाला एक फाइल, शहाण्णव फ्रीज, सात वर्षं. साठ लाखांच्या घरात फायली.

क्लाउड म्हणजे काहीतरी तरंगतं असावं, अशी माझी समजूत होती.

"कसला ढग," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या इमारतीतली कपाटं. चावी आपली."

मी विचारलं, इतक्या फायलींतून एक गोष्ट कशी शोधता? त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. पूर्वी फायली उचलून आपल्या मशीनवर आणायच्या, मग मांडायच्या, मग बघायच्या. त्यातच दिवस जायचा. आता फायली जिथे पडल्यात तिथेच राहतात. प्रश्न तिकडे जातो आणि तेवढं उत्तर इकडे येतं. शिवाय फाइल आडवी वाचावी लागत नाही. तापमान विचारलं तर तापमानाचाच रकाना उघडतो. फ्रीजचा नंबर, बॅटरी, बाकीचे रकाने झोपलेलेच राहतात. आणि दर दिवसाचा एक फोल्डर. तारीख सांगितली की तेवढाच उघडायचा, इतरांना हात लावायचा नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, असं मी पाच वर्षं शिकलो होतो. त्या दिवशी ताईंनी चाळीस लाख ओळींतला एकच रकाना माझ्यासमोर वाचून दाखवला. माझा चहा निवला नव्हता.

फोल्डरांची ही व्यवस्था त्यांचीच. सात वर्षांपूर्वी त्या भांडारात टायपिस्ट होत्या, वय एक्कावन्न. फायली येऊ लागल्या आणि त्यांचं काय करायचं हे कुणालाच कळेना. बाहेरून तज्ज्ञ येणार होता. तो यायला सहा आठवडे लागले. तोवर ताईंनी मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून क्वेरी, म्हणजे फायलींना विचारायचे प्रश्न, लिहायला शिकून घेतलं होतं, आणि फायली तारीखवार लावून टाकल्या होत्या. तज्ज्ञानं पाहिलं, चहा घेतला आणि तो गेला. रोज सकाळी शहाण्णव केंद्रांना जाणारा अहवालही त्यांनीच लिहिलेला. तो कालचा फोल्डर उघडायचा आणि विचारायचा, काल कुठल्या फ्रीजचं तापमान आठच्या वर गेलं का? बहुतेक वेळा उत्तर असायचं, सर्व ठीक.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. भिंतीवर चौदा घड्याळं, त्यातली पाच चालू. ते म्हणाले, "लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा हिनं विचारलं, महिन्याला किती घड्याळं दुरुस्त करता, आणि त्यातली किती परत येतात. दुसरा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता."

"मग?"

"मग काय, खोटं बोललो."

आतून ताईंचा आवाज आला. "तीन म्हणाले होते. नऊ होती."

गेल्या वर्षी, त्यांच्या निवृत्तीला पाच आठवडे राहिले असताना, एका मंगळवारी सकाळी फोन वाजला. टेकडीपलीकडच्या केंद्रातल्या सिस्टर बोलत होत्या. ताईंनी स्पीकर चालू केला, कारण हातात पेन्सिल होती.

सिस्टर महिन्याच्या रजेवरून आदल्या दिवशीच परतल्या होत्या. फ्रीज उघडला तर वरच्या कप्प्यातल्या बर्फाच्या पिशव्या एकमेकींना चिकटून गोठलेल्या. "सुट्या ठेवल्या होत्या मी. वितळल्याशिवाय अशा चिकटत नाहीत. बदलीवर होती ती मुलगी म्हणते, वीज थोडा वेळ गेली होती."

"थोडा म्हणजे किती?"

"तेच तर तिला सांगता येत नाही. अहवाल तर रोज ठीक आलाय. परवा दहाला माझं सत्र आहे, ताई. साठ मुलं येतील. ह्याच बाटल्या आहेत. देऊ का नको?"

"दुपारपर्यंत थांबा. तोवर फ्रीजला हात लावू नका."

ताईंनी महिनाभराचे अहवाल काढले. सर्व ठीक. मी म्हणालो, "म्हणजे सिस्टरना भास झाला असेल."

"बर्फाला भास होत नाही, कवी."

मग त्यांनी चिठ्ठी घेतली. तापमान विचारलंच नाही. त्या फ्रीजच्या, रोजच्या फोल्डरात त्याच तारखेच्या किती ओळी आल्या, एवढंच विचारलं. दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला एकशे चव्वेचाळीस. पेन्सिलीनं त्यांनी १४४ लिहिलं आणि क्वेरी चालवली. पडद्यावर यादी उतरली. १४४. १४४. १४४. मग एका दिवशी २६. दुसऱ्या दिवशी ११. पुन्हा १४४.

मी विचारलं, "यंत्र बंद पडलं होतं?"

"यंत्राला स्वतःची बॅटरी आहे. बंद पडला तो नेटवर्कचा डबा. यंत्र टिपत राहिलं असेल. पाठवता आलं नाही, एवढंच."

"मग ती मापं गेली कुठं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. अडकलेली मापं हे यंत्र जपून ठेवतं आणि पुढच्या रविवारी एकदम पाठवतं, असं त्यांनी मला समजावलं. बोलता बोलता मध्येच थांबल्या. मला नंतर कळलं ते असं. फाइल ज्या दिवशी पोचते त्या दिवसाच्या फोल्डरात पडते. माप कधीचं आहे, याला तिथे महत्त्व नाही. अहवाल कालचा फोल्डर उघडतो आणि त्यातली कालचीच मापं बघतो. वीज गेली त्या दिवसाचा अहवाल निघाला तेव्हा मापं आलेली नव्हती. रविवारी ती आली तेव्हा जुन्या तारखेची म्हणून अहवालानं ती बाजूला सारली. उशिरा आलेलं माप कुठल्याच अहवालानं कधीच पाहिलं नव्हतं. सात वर्षांत एकदाही नाही.

त्यांनी दुसरी क्वेरी लिहिली. या वेळी फोल्डरची तारीख सांगितली नाही. सगळे उघडा म्हणाल्या. फक्त हा फ्रीज, फक्त ते दोन दिवस, फाइल कुठल्याही फोल्डरात असो. चिठ्ठीवर त्यांनी २५१ लिहिलं. दोन दिवसांच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी ओळींतून आलेल्या सदतीस वजा. एरवी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर यायचं. या वेळी चार मिनिटं लागली. आलेल्या सदतीस सोडून नव्या ओळी किती, ते पडद्यावर उमटलं. दोनशे एक्कावन्न.

मग तापमान विचारलं. सर्वांत जास्त, चोवीस. आठच्या वर, एकोणतीस तास.

उत्तर बरोबर आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी अनेकदा पाहिला होता. त्या दिवशी तो नव्हता. त्यांनी सिस्टरना फोन लावला. "बाटल्या बाजूला काढा. परवाचं सत्र नव्या साठ्यावर करा, मी आज गाडी पाठवते. आणि त्या दिवसापासून कालपर्यंत किती मुलांना दिली, ते सांगा."

सिस्टरनी रजिस्टर चाळलं. "एक्केचाळीस."

मग ताई साहेबांच्या खोलीत गेल्या. मला म्हणाल्या, "चल, कागद धर." कागद एकच होता.

"सर, माझा अहवाल सात वर्षं खोटं सांगतोय."

साहेबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "खोटं कशाला म्हणता? अपुरं म्हणा."

"एक्केचाळीस आयांना काय सांगू, लस अपुरी होती?"

"आधी नीट खात्री करू. चार दिवसांनी कळवू."

"खात्री झालीय. कागदावर आहे."

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आवाज खाली आणला. "यात तुमचं नाव येईल, बाई. तीस वर्षांत एक शेरा नाही तुमच्यावर. पाच आठवडे राहिलेत."

"म्हणूनच घाई आहे. सहावा माझ्याकडे नाही."

लसीकरणाच्या डॉक्टरांना पाठवायचं पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं. व्यवस्था मी लावली, चूक माझी आहे, ती अशी झाली. चार ओळी. मी शुद्धलेखन तपासायला घेतलं. तपासण्यासारखं काही नव्हतं. इतकं सरळ मराठी मी पाच वर्षांच्या अभ्यासात फार थोड्या ठिकाणी वाचलं होतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी सात वर्षांचे सगळे फोल्डर उघडून उशिरा आलेलं प्रत्येक माप पाहिलं. वीज पुष्कळदा गेली होती. पण दोन-चार तासांत परत आली होती आणि फ्रीज गार राहिले होते. तापलेला हा एकच. अहवालाची क्वेरीही त्यांनी बदलली. आता तो आधी ओळी मोजतो. कमी असतील तर "ठीक" म्हणत नाही, "माहीत नाही" म्हणतो. साहेबांना तो शब्द खटकला. ताईंनी तो तसाच ठेवला.

डॉक्टरांनी ठरवलं की एक्केचाळीस मुलांना डोस पुन्हा द्यायचा. आयांना फोन करणं हे ताईंचं काम नव्हतं. त्यांनी यादी मागून घेतली. मी शेजारी बसून ऐकत होतो. एक आई ओरडली, तिचं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. एकीनं विचारलं, "पुन्हा रडेल हो ती, तुम्ही याल का धरायला?" ताई गेल्या. तीन आठवड्यांत चाळीस मुलांचे डोस झाले.

एक्केचाळिसावी मुलगी पाच महिन्यांची. फोन बंद. आईवडील इमारतींच्या बांधकामावर. एका रविवारी ताई पत्ता शोधत गेल्या, मीही गेलो. पत्र्याची खोली, दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. घरमालकीण म्हणाली, "दोन पेट्या आणि एक सायकल घेऊन गेले. कुठं, ते मी विचारत नाही आणि मला कुणी सांगत नाही."

परतताना ताई म्हणाल्या, "पुढचा डोस घ्यायला कुठंतरी आणतीलच तिला."

केंद्रांची नोंदणीही रोज संध्याकाळी त्याच क्लाउडमध्ये येते. त्यांनी एक लहानशी क्वेरी लिहिली. शहाण्णव केंद्रांपैकी कुठेही या कार्डाच्या नंबरची, आणि कार्ड हरवलं असेल तर या जन्मतारखेची आणि आईच्या या नावाची, मुलगी आली का? रोज सकाळी आल्या आल्या, पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी, ती चालवायच्या. रोज उत्तर यायचं, शून्य ओळी.

मी म्हणालो, "ताई, ही आपोआप चालेल अशी लावून द्या ना. सापडली की निरोप येईल."

"आपोआप चालतं त्याच्याकडे कुणी बघत नाही, कवी. अहवाल सात वर्षं आपोआपच चालला."

शेवटच्या दिवशी चारला निरोपाचा कार्यक्रम होता. साहेब चांगलं बोलले. यजमान घड्याळ लावून आले होते आणि तरी उशिरा आले. ताईंना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "सत्तेचाळीस माणसं आलात, खुर्च्या चाळीसच आहेत, मी फार बोलत नाही."

नंतर त्या टेबलाशी आल्या. कामं सोपवण्याचा कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. बावीस कामं होती. एकवीस कामांपुढे त्यांनी "पूर्ण" लिहिलं. बाविसाव्यापुढे मुलीच्या कार्डाचा नंबर लिहिला, आणि त्याखाली लिहिलं, कालपर्यंतचे फोल्डर पाहिले, सापडली नाही, आजचा उद्या सकाळी उघडायचा आहे.