शेवंतामावशीचं नाव मी दोनदा वाचलं

“पेशंटची लाइन बाहेर.”

मोठे डॉक्टर मान वर न करता बोलले. मी दारात उभी. अंगावर ताईची इस्त्रीची साडी, हातात सरकारी शिक्क्याचं पत्र. शहराच्या आरोग्य सल्लागार समितीवर लोकांच्या बाजूने मी सदस्य आहे, असं त्या पत्रात लिहिलेलं.

“मी मिटिंगला आलेय,” मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मग शेजारी बसलेल्या, समितीवरच्या कारखानदार सेठकडे पाहिलं. दोघं हसले.

“अच्छा, त्या पत्रकवाल्या तुम्ही! या, या. वरून हुकूमच आलाय आता, लोकांना विचारा म्हणून. विचारतो बाबा.”

रिकामी खुर्ची एकच होती. तिच्यावर डॉक्टरांची बॅग. ती कुणी उचलली नाही. मीही उचलली नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. सदस्य होते मी, आणि उभी राहिले.

नव्वदचं दशक अर्धं उलटून गेलंय. मी एकवीस वर्षांची. टेमघरच्या बौद्ध वस्तीत घर. बारावीनंतर कामगारांच्या संघटनेत गेले आणि पत्रकं लिहायला शिकले. पत्रक म्हणजे काय, तर एका कागदात समोरच्याला निरुत्तर करायचं. आम्हाला तेच शिकवलेलं. नुसती ओरड नको, पुरावा ठेवा. मी ते इतकं पक्कं शिकले होते की माणूस आणि पुरावा यांतला फरकच विसरले.

आमची मागणी साधी होती. टीबीच्या गोळ्या दवाखान्याच्या खिडकीवर सकाळी नऊ ते बारा मिळायच्या. दिवसाआड जायचं, सिस्टरच्या डोळ्यांसमोर गिळायच्या. आणि लूमची, म्हणजे यंत्रमागाची, दिवसपाळी सकाळी आठ ते रात्री आठ. आता सांगा, लूमवरच्या माणसाने गोळी कधी घ्यायची? गोळी घेतली तर खाडा. खाडा केला तर काम जातं. काम ठेवलं तर गोळी जाते. म्हणून आमचं म्हणणं होतं, खिडकी रात्री आठनंतर तासभर उघडा. बस्स, एवढंच.

त्यासाठी मी महिनाभर गल्ल्या फिरले. वहीत नावं लिहिली. कोण, कुठल्या कारखान्यात, किती महिने गोळ्या झाल्या. आमच्या शेजारची शेवंतामावशी सगळ्यांत आधी नाव द्यायला तयार झाली. ती एका कारखान्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. दिवसभर त्या यंत्रापुढे उभं राहायचं. घरी यायची तेव्हा भुवयांवरही कापसाचे तंतू असायचे. ती मुकादमाला सांगायची, नातवाला बालवाडीत सोडून येते. आणि पदर तोंडावर घेऊन खिडकीवर जायची. नातू तिला नव्हताच.

“चार म्हैने झाले गं. दोन ऱ्हायले,” ती म्हणाली. “पन माजं नाव कुनाला सांगू नको. सेठला कललं तर उभी न्हाय करनार.”

“मावशी, हे फक्त आपल्या वहीत. कुणाला कळत नाही,” मी म्हटलं.

हे माझे शब्द. मीच बोलले होते.

आता त्या मिटिंगमध्ये परत येते. मी मागणी वाचली. डॉक्टर पेनाचं टोपण उघडत होते, लावत होते.

“पत्रक वाटणं वेगळं आणि धोरण ठरवणं वेगळं, बेटा. रात्री सिस्टर कोण देणार? आणि तुम्ही म्हणता ‘शेकडो कामगार’. हे शेकडो कुठायत? मला तर खिडकीवर कुणी तक्रार करत नाही. हवेत बोलू नका. नावं आहेत का, नावं?”

सेठ म्हणाले, “पोरी लोकांना भाषण बरोबर जमतं हां, डॉक्टरसाहेब.”

परत हसले. माझे कान तापले. मला वाटलं, थांबा, दाखवते तुम्हाला. मी वही काढली.

आणि वाचायला लागले.

पहिलं नाव, दुसरं नाव. हसणं थांबलं. खरंच थांबलं. क्लार्क लिहायला लागला. डॉक्टर पुढे वाकून ऐकायला लागले. सेठनी डॉक्टरांची बॅग खाली ठेवली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. “बस ना, बेटा.” मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा असल्या टेबलावर माझं कुणी ऐकत होतं. माझा आवाज मोठा झाला. मला त्या आवाजाची आजही किळस येते.

“एक मिनिट,” सेठ मध्येच म्हणाले. अगदी प्रेमाने. “वो नाम फिरसे पढना जरा. नीट ऐकू नाही आला.”

मी परत वाचलं. स्वच्छ उच्चारात. नाव, आडनाव, गल्ली, काम. शेवंतामावशी. कांड्या भरते. चार महिने पूर्ण.

“अरे, शेवंता! ती माझ्याकडंच आहे की,” सेठ म्हणाले आणि चहाचा कप तोंडाला लावला.

त्या क्षणी मला कळलं. कळूनही मी थांबले नाही. पान संपेपर्यंत वाचत राहिले. का? मध्येच थांबले असते तर परत हसले असते म्हणून. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच मावशी घरी परत आली. गेटवरूनच. मुकादम म्हणाला होता, “बाई, पहिले ठीक हो जाव, फिर आना.” तिने विचारलं, तुला कुनी सांगितलं? तो म्हणाला, “तुम्हारे ही मोहल्ले की लडकी ने. मिटिंग में.”

मावशी माझ्या दारात आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तूच वाचलंस ना?”

“मावशी, आपली खिडकी—”

“मी तुला इचारते, तूच वाचलंस?”

“हो.”

ती गेली. आई चुलीजवळ बसलेली, तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वहीतल्या आणखी दोघांचं काम त्या आठवड्यात गेलं. बाकीच्यांना न सांगताच समजलं. खिडकीवर माणसं येईनाशी झाली. सिस्टर मला रस्त्यात भेटली तर म्हणाली, “काय केलंस गं हे? मी त्यांना केवढं समजावून बसवलं होतं.” अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी टीबी जास्त चिवट होतो, हे मी स्वतः पत्रकात लिहिलं होतं. ठळक अक्षरात.

पुढच्या महिन्यात परत मिटिंग. या वेळी माझ्यासाठी खुर्ची तयार होती. क्लार्कने इतिवृत्त पुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं: लोकप्रतिनिधींशी सविस्तर विचारविनिमय झाला. खिडकीवरची उपस्थिती घटली असल्याने रात्रीच्या वेळेची गरज दिसून येत नाही. खाली सेठची सही झालेली. तिच्याखाली माझं नाव टाइप केलेलं आणि पुढे रिकामी जागा.

“सही करा,” डॉक्टर म्हणाले. “आणि नवीन यादी आणलीत का?”

मी उठून उभी राहिले. या वेळी माझ्या मनाने.

“सही करणार नाही. यादी देणार नाही. इतिवृत्तात लिहा, मागच्या मिटिंगमध्ये मी आजारी माणसांची नावं त्यांच्या मालकासमोर वाचली. लिहा की डॉक्टरांनी मागितली आणि मी दिली. लिहा की ज्यांनी कामावरून काढलं ते याच टेबलावर बसलेत. माणसं कमी झाली नाहीत. आपण हाकलली.”

क्लार्कचं पेन थांबलं.

“असं लिहिता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “सही नसेल तर तुमचं सदस्यत्व राहणार नाही. विचार करा. तुमच्या लोकांचा आवाज जाईल.”

“त्यांचा आवाज इथं आलाच नव्हता, साहेब. माझा आला होता.”

मी बाहेर पडले. वाटलं, आता मावशीला सांगावं. धावतच गेले. ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं. सही केली नाही ते. सेठच्या तोंडावर बोलले ते.

तिने सोललेली पाकळी ताटात टाकली.

“मंग? मला कामाव घेतलं?”

“नाही.”

“खिडकी उघडली?”

“नाही.”

“मंग मला कशाला सांगाया आलीस?”

मी खाली बघितलं. “मावशी, गोळ्या घेतेस ना?”

“त्ये तुला कशाला? परत वाचशील.” तिने लसणाचं ताट उचललं. “माज्या वतीनं बोलू नको. मला जीभ हाय.”

आत गेली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. हे मी माफी मिळावी म्हणून लिहीत नाही. मला ती नको, आणि मागायचा हक्कही नाही.

तुमच्यापैकी कुणाला असं शिक्क्याचं पत्र आलं, तर आधी विचारा, मिटिंग किती वाजता आहे. सकाळी अकराला असेल तर समजा, लूमवरच्या बाईला बोलावलेलंच नाही. विचारा, टेबलावर कोण बसणार आहे. तिचा मालक असेल तर तिचं नाव त्या खोलीत निघता कामा नये. तिच्या जागी तुम्ही बसत असाल तर तुम्ही तिचे प्रतिनिधी नाही. तुम्ही त्यांची सोय आहात. मी सोय झाले होते.

आता मी पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर उभी राहते. वही नसते. कुणाचं नाव विचारत नाही. एवढंच सांगते, की खिडकी कधी उघडायची हे ज्याच्या छातीत दुखतंय त्याने ठरवायचं, आणि ते आपल्या गल्लीत, आठनंतर, मालकाशिवाय ठरेल. डॉक्टरांनी तिथं यायचं. खाली बसायचं. ऐकायचं.

पहिल्या दिवशी कुणी थांबलं नाही. कुणी कशाला थांबेल माझ्यासाठी? उद्याही उभी राहीन.