पोटावरचा शालू

निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता. बंदर नाही, गलबत नाही; पण परक्या मुलखातून आलेल्या मालावर कर घेण्याची हौस मात्र कुठल्याही बंदराला लाजवील अशी. म्हणून गोदावरीलाच समुद्र मानलं होतं. नगरकडून नदी ओलांडली की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. पोलीस ॲक्शन झाली, निजामाची सत्ता गेली, चौकाचौकात झेंडे लागले, देश एक झाल्याची भाषणं झाली. नाका जिथल्या तिथं. देश एक झाला हे त्याला कुणी कळवलंच नसावं.

माझे वडील याच खात्यात औरंगाबादेत कारकून होते. आणि आत्याच्या लग्नाचं कापड आम्ही नगरला घेतलं, कारण तिकडं स्वस्त. वडिलांना हे चालतं का, असं आईनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नेसलेल्या कापडावर कर नसतो." खात्यातल्या माणसाला खात्यातली भोकं बरोबर ठाऊक असतात.

म्हणून भर वैशाखात आई आणि दोन्ही काकू तीन-तीन लुगडी नेसून वडिलांबरोबर प्रवासी मोटारीत बसल्या. मी नऊ वर्षांची, माझ्या अंगावर चार परकर. घडी मोडली की कापड जुनं, हा नाक्याचा हिशेब. अडचण एकच होती, नवरीचा शालू. लग्नाआधी त्याची घडी मोडायची नाही, हा आमच्या घरचा कायदा, आणि तो सरकारच्या कायद्यापेक्षा कडक. मग आईनं डोकं लढवलं. शालू घडीसकट आत्याच्या पोटावर बांधला आणि वरून सुती लुगडं. आत्या पाच महिन्यांची दिसायला लागली. लाजेनं तिची मान वर होईना, पण पदराआडून ती शालू चाचपत होती. आईबाप लहानपणीच गेलेली मुलगी. नवं कोरं असं तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेलं.

नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. तिथल्या कारकुनानं वडिलांना ओळखलं. "अरे साहब, तुम्ही व्हय? घरचीच माणसं, काय बघायचं." मग आत्याकडं पाहून त्यानं खुर्ची मागवली. "बसा बाई, उन्हात उभं राहू नका. साहब, भैनीला बाळंतपणाला आणलं जणू?"

मोटारीतली सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. त्यांत दोघं करमाडचे होते, म्हणजे आत्याच्या होणाऱ्या सासरचे गाववाले. 'व्हय' एवढा एक शब्द म्हटला असता तर शालू सुटला असता आणि अब्रू गेली असती. 'नाय' म्हणावं तर पोट कसलं ते सांगावं लागणार. त्यात नाका बंद होणार, माणसं कमी होणार, अशी कुजबुज खात्यात सुरू होती. वडिलांनी घसा खाकरला.

"ती नवरी हाये. पोटाला शालू बांधलाय. जप्त करा."

कारकून बिचारा वरमला. कर भरा आणि न्या, म्हणाला. तर लपवून आणलेला माल कर भरून सुटत नाही, हे कलमही वडिलांनीच त्याला ऐकवलं. झडतीच्या बाईनं आत्याला आडोशाला नेलं. आत्या सपाट पोटानं बाहेर आली आणि गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. घराण्याची अब्रू राहिली, नोकरी राहिली, वर सचोटीबद्दल शेरा मिळाला. आम्हा बायकांच्या अंगावरच्या लुगड्यांबद्दल मात्र सचोटी काही बोलली नाही.

आत्या माझ्या आईच्या जुन्या लुगड्यात बोहल्यावर उभी राहिली. करमाडच्या बायका काय बोलल्या ते मी ऐकलंय, लिहिणार नाही.

पुढं काही महिन्यांत नाका उठला. ज्या कापडासाठी बायका उन्हात शिजल्या, ते औरंगाबादेत शहागंजात गाडीवर ढिगानं मिळायला लागलं. व्यापार मोकळा झाला म्हणून वडिलांच्या कचेरीत पेढे वाटले. वडिलांना दुसऱ्या खात्यात घेतलं होतं, त्यांनी दोन खाल्ले. मग अर्जावर अर्ज करून त्यांनी शालू सोडवला आणि स्वतः करमाडला नेऊन दिला. पदरावर शाईनं जप्तीचा नंबर होता. आत्यानं तो घेतला, पाणी दिलं. वडील घरी येऊन म्हणाले, "झालं, मिटलं."

त्यानंतरच्या पोळ्याला तिनं आम्हाला बोलावणं पाठवलं. अंगणात बैल सजवून उभा केला होता. त्याच्या पाठीवर झूल होती, जरीच्या काठाची. नंबर नेमका वर येईल अशी बेतून शिवलेली.

"दादा," आत्या म्हणाली, "याला आता कुणी आडवत नाय."

वडील माघारी वळले, तेवढ्यात तिनं पूजेचं ताट त्यांच्या हातात दिलं. सगळं गाव बघत होतं. वडिलांनी बैलाला कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला.